डब्याच्या गळ्यातली चिंधी

आमच्या गावात होळी झाली की हवा बदलायची, ती उन्हामुळे नव्हे, चांगुणाकाकीच्या चुलीमुळे. उरण तालुक्यातलं आमचं गाव खाडीच्या काठाला आहे. एका बाजूला तेव्हा मिठागरं होती, आता कंटेनरचं यार्ड आहे. काकीचं घर आळीच्या टोकाला. घरामागच्या परसात तीन दगडांची मोठी चूल आणि तिच्यावर दोन माणसांनी उचलावी अशी लोखंडी कढई. होळीपासून पाऊस तोंडावर येईपर्यंत ती चूल रोज पेटायची. साऱ्या गावाचा वर्षाचा मसाला काकी भाजून द्यायची.

मिरच्या भाजायला पडल्या की आख्खी आळी खोकायची. शाळेत जाणारी पोरं नाकाला रुमाल लावून पळायची. कोणी तक्रार केली की काकी चुलीजवळून हलायची नाही, तिथूनच ओरडायची, "आज खोकतस, तर पावसात जेवशील. नायतर जा, उकडलेला भात खा."

काकी उंच होती, हाडापेराची. नवरा मिठागरावर कामाला होता, तो लवकर गेला. रमेश हा एकुलता मुलगा, पुढे ट्रेलर चालवायला लागला. काकी बोलायला तिखट होती, पण बसून बोलताना मी तिला फार कमी पाहिलं. ती बोलायची ते कढईत कालथा फिरवता फिरवता, आपल्याकडे न बघता. बघायची ती मिरचीकडे. मिरची उतरवायची वेळ झाली की कालथा कढईच्या काठावर ठणठण आपटायची. तो आवाज आळीभर ऐकू जायचा. ज्या घरचा मसाला असेल ती बाई आपलं सूप घेऊन परसात हजर व्हायची. हाक मारायची गरज नसे.

प्रत्येक घरचं प्रमाण वेगळं. कुणाला बेडगी जास्त, कुणाला संकेश्वरी, कुणाच्या घरात बडीशेप चालत नाही, कुणाला दगडफूल हवंच. हे सगळं काकीच्या डोक्यात असायचं आणि एका घरचं ती दुसऱ्या घराला सांगायची नाही. लग्न होऊन त्याच आळीत दिलेली एक मुलगी एकदा आपल्या माहेरचं प्रमाण विचारायला आली. म्हणाली, "काकी, माझंच तर घर ते. मला सांगायला काय झालं?"

काकी म्हणाली, "तुजं होतं. आता सासूला विचार."

"सासूला माझ्या आईचं कसं माहीत असणार?"

"नाय ना माहीत? मग बरं हाय. नायतर तुजी आय मना जेवू द्यायची नाय."

कुटून आलेला मसाला डब्यात भरला की काकी त्याच्या गळ्याला चिंधी बांधायची. ही पद्धत तिच्या सासूपासूनची. काकीला अक्षरओळख नव्हती आणि सगळ्यांचे डबे एकसारखेच, ॲल्युमिनियमचे. म्हणून प्रत्येक घरानं आपल्या जुन्या लुगड्याची एक पट्टी द्यायची. आमच्या डब्याला आईच्या निळ्या लुगड्याची पट्टी असे. काकी गाठ अशी मारायची की एक टोक ओढलं की सुटावी. डबा हातात देताना तिचं एक वाक्य ठरलेलं होतं, "चिंधी टाकू नको हां. चिंधी गेली की मसाला कोनाचा त्ये कलनार नाय."

मी हे वाक्य लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की ते कानात शिरत नसे.

*

शिकून मी मुंबईला जाहिरातीच्या एका ऑफिसात लागलो. शब्द लिहायचं काम. पनवेलला घर केलं, आईला घेऊन आलो, पण मे महिन्यात डबा आणायला गावी जाणं बरीच वर्षं चुकलं नाही. अशाच एका खेपेला काकीनं मला ती गोष्ट सांगितली. त्या गोष्टीवर माझं पुढचं बरंचसं आयुष्य उभं राहिलं, म्हणून इथे नीट सांगतो.

आळीत दोन भावांची घरं होती. वाटण्या झालेल्या, मधे कुंपण, आणि दोन्ही जावा एकमेकींशी बोलत नसत. एका वर्षी दोघींचे डबे काकीच्या ओट्यावर शेजारी होते. थोरलीची चिंधी हिरवी, धाकटीची पिवळी. वाऱ्यानं चिंध्या सुटून पडल्या आणि बांधताना काकीच्या हातून अदलाबदल झाली. डबे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी चाळणीला राहिलेला मसाला झटकताना कोणता डबा कुठे ठेवला होता ते आठवलं आणि अदलाबदल काकीच्या ध्यानात आली. ती तशीच उठून थोरलीकडे गेली. तिथे कालवणाचा वास सुटला होता. काकी तोंड उघडणार तोच थोरली म्हणाली, "बघा काकी, याला म्हणतात आमचा मसाला. त्या पलीकडच्या बाईला सात जन्मांत असा रंग यायचा नाही."

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"काय करू? गपचूप परत आले. मंग म्हटलं धाकटीकडं तरी जाऊन बघू. ती बोलली, काकी, यंदा हात काय लागलाय तुमचा. आमच्या घरची चव ती आमच्याच घरची." काकी हसायला लागली, तशी कढईतली मिरची करपायची वेळ आली. "वरसभर जेवल्या दोगी. एकमेकीचा. आनि एकमेकीला नावं ठेवत. मी देवाला सांगितलं, बाबा, जीभ दिलीस खरी, पन ती डबाच बघती."

मी हसलो. ती मिरची उतरवायला वळली. माझ्या डोक्यात मात्र तिचं शेवटचं वाक्य राहून गेलं.

*

पुढे आमच्या ऑफिसकडे एका मसाल्याच्या कंपनीचं काम आलं. सगळीकडे खपणारा त्यांचा मसाला आमच्या किनारपट्टीवर खपत नव्हता. उरणपासून श्रीवर्धनपर्यंत घरोघरी वर्षाचा मसाला होतो, तिथे पाकीट कोण घेणार? ऑफिसात सगळे चवीबद्दल बोलत होते. अस्सल, झणझणीत, गावरान. मी तेव्हा काकीच्या दोन डब्यांची गोष्ट सांगितली. आमच्या वरिष्ठ बाई सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "म्हणजे आपल्याला जिभेशी बोलायचंच नाही."

त्यानंतर आम्ही जे केलं त्यात एकही खोटा शब्द नव्हता. शब्दच नव्हते. अर्ध्या मिनिटाच्या त्या जाहिरातीत परसातली चूल होती, कढई होती, एका म्हातारीचा पाठमोरा आकार होता आणि काठावर कालथा आपटल्याचा आवाज होता. मग लुगड्याच्या चिंधीची गाठ, ती ओढून सोडणारा हात, आणि खाली कंपनीचं नाव. मसाल्याची पाकिटं बंद करून बरण्या आणल्या आणि प्रत्येक बरणीच्या गळ्याला कापडाची पट्टी बांधली. खरं कापड, धुऊन मऊ केलेलं.

आवाज मी काकीकडून आणला. स्टुडिओतल्या कढईचा आवाज पोकळ येत होता. मी फोन घेऊन गेलो. सगळं सांगून, विचारून. तिनं आधी विश्वासच ठेवला नाही.

"ठोकायचा आवाज पायजे? त्याचं काय कालवन करनार?"

"टीव्हीवर लागणार काकी."

"कशाला?"

"मसाला विकायला."

"कोनाचा मसाला?"

"कंपनीचा."

मला वाटलं नाही म्हणेल. नाही म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं मी आजही मनात म्हणतो, आणि लगेच मला माझी लाज वाटते, की अजूनही मी नकाराचं काम तिच्यावर ढकलतोय. ती म्हणाली, "घे. आपल्या गावाचा आवाज टीव्हीत आला तर पोरं खूश होतील." आणि रिकाम्या कढईवर नव्हे, "खोटं कशाला वाजवू" म्हणत मूठभर मिरच्या टाकून, त्या भाजून, वेळ झाल्यावरच तिनं कालथा आपटला. मी खोकत खोकत तो आवाज घेतला.

जाहिरात लागली त्या महिन्यात मी गावी होतो. रमेशच्या घरात टीव्ही चालू होता. काकी आत भाकऱ्या भाजत होती. टीव्हीवर कालथा वाजला आणि काकी पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली.

"कोनाची मिरची उतरली? चूल कोनी पेटवली?"

सगळे हसले. रमेशची बायको सुजाता म्हणाली, "आई, तुमचाच आवाज आहे टीव्हीत." काकी पडद्याकडे बघत राहिली. तिला आवाज आपला वाटला, चूल आपली वाटली, चिंधीही आपली. मग बरणी आली. ती म्हणाली, "ह्यो डबा कोनाचा?" लहान मुलांनी गाणं लावायला सांगितलं आणि चॅनल बदललं.

*

पुढच्या काही वर्षांत काय झालं ते एका वाक्यात सांगता येत नाही, कारण एका दिवसात काही झालं नाही. कोणत्याही बाईनं काकीला येऊन "आता तुमच्याकडे मसाला करत नाही" असं सांगितलं नाही. एका घरानं यंदा निम्माच करू म्हटलं. एका घरी लहान बाळ होतं, त्याला धूर सोसवेना. एका घरची सून नोकरीला लागली. प्रत्येकीचं कारण खरं होतं. मी माझ्या चुलतभावाच्या बायकोला सहज विचारलं, तिच्या फळीवर ती चिंधीची बरणी बघून.

"जाहिरात बघून घेतलात का, वहिनी?"

ती चिडली. "जाहिरात बघून कोण घेतं भाऊजी? आम्ही काय लहान आहोत? घेऊन बघितला, चव आवडली. आपल्या काकीसारखाच आहे अगदी."

तिचा राग खरा होता. मला मात्र तो मसाला माहीत होता. कंपनीनं त्यात काही बदललं नव्हतं. जो मसाला आधी तीन वर्षं आमच्या भागातल्या दुकानांत धूळ खात पडला होता, तोच बरणीत आला होता. त्यात ना वहिनींच्या घरची बडीशेप होती, ना काकीचा हात. मी तिला ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी तिच्या जिभेला ते पटलं नसतं.

लोक मला समजावतात. मिठागरं गेली, बायका कामाला लागल्या, हे होणारच होतं, तुझ्या अर्ध्या मिनिटानं काय होतंय. असेलही. पण मी इथे मोजमाप करायला बसलेलो नाही. मला एवढंच माहीत आहे की आमच्या गावातल्या बायकांना जे आठवत होतं, त्याच्या शेजारी मी दुसरा डबा नेऊन ठेवला आणि चिंध्या बदलल्या. काकीच्या हातून ते वाऱ्यानं झालं होतं. मी ते पगार घेऊन, विचार करून केलं.

काकीनं मला कधीही दोष दिला नाही. तिला दोष दिसलाच नाही बहुतेक. तिला फक्त एक चिंता होती आणि ती उघड बोलून दाखवायची. तिच्या सासूनं कालथा तिच्या हातात दिला होता. तो आता सुजातानं घ्यावा. "गावाचा नको करू," ती सुजाताला म्हणायची, "घरचा तरी कर. माज्यामागं ह्या परसात कालथा वाजला पायजे. नायतर सासू मना वर विचारील, कोनाला देऊन आलीस?"

सुजाता वाईट सून नव्हती, हे मला सांगायलाच हवं. यार्डाच्या ऑफिसात कामाला होती, सात वाजता घरी यायची. तिला दमा होता. मिरचीच्या धुरात ती उभी राहू शकत नव्हती. ती दरवेळी म्हणायची, "बघू आई, यंदा जमवते."

*

मधे दोन वर्षं जाणं जमलं नाही. शेवटचा मे महिन्यात गेलो तेव्हा काकीचे गुडघे पूर्ण गेले होते आणि डोळ्यांना कमी दिसत होतं. ओटीवर खाटेवर बसून असायची. मला आवाजावरून ओळखलं.

"बाला आला काय? जेवून जा. यंदा सुजातानं भाजलाय. गेल्या सालीपन तिनंच. मी इथून आवाज ऐकते ना. आधी घाई करायची, आता बरोबर टायमाला ठोकती."

तिच्या चेहऱ्यावर असं समाधान मी पूर्वी पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी सुजाताला शाबासकी द्यायला सरळ परसात गेलो.

चूल थंड होती. कढई पालथी घातलेली. सुजाता मोरीशी भांडी घासत होती. मी काही बोलायच्या आत तिची नजर माझ्यामागे फळीवर गेली आणि मीही वळून बघितलं. तिथे ती बरणी होती. गळ्याला कापडाची पट्टी.

ती हलक्या आवाजात म्हणाली, "भाऊजी, आईंना बोलू नका."

"मग आवाज?"

"रविवारी दुपारी पेटवते. चार मिरच्या टाकते, वास जावा म्हणून, आणि तोंडाला ओढणी बांधून लांबून हलवते. मग ठोकते. बरणीतला डब्यात ओतते, चिंधी बांधते." ती भांडं घासत राहिली. "आईंनी पहिल्या दिवशी चाखला तेव्हा मी दाराआड उभी होते. त्या म्हणाल्या, माजाच हात उतरलाय तुज्यात. काय करू मी? सांगू?"

मी कसला सांगणार. मी जे ऑफिसात बसून हजारो घरांसाठी केलं होतं, तेच तिनं त्या परसात एका म्हातारीसाठी केलं होतं. चूल, वास, आवाज, चिंधी. आणि वस्तू आमचीच. मी तिला म्हणालो, "बरं केलंस." तसं म्हणायचा मला काही अधिकार होता का, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

आम्ही जेवलो. काकीनं कालवणात भात कालवला, पहिला घास जिभेवर घोळवला आणि सुजाता बसली होती त्या बाजूला मान हलवली. "मीठ कमी हाय. मसाला बरा हाय." सुजाता ताटात बघत होती. मीही.

मग काकीनं एक डबा मागवला. "ह्याच्या आयला दे थोडा." सुजातानं माझ्याकडे पाहिलं, आत गेली आणि भरून आणला. काकीनं उशाखालचं गाठोडं काढलं. त्यात साऱ्या गावाच्या चिंध्या होत्या. परत न नेलेल्या डब्यांच्या, मेलेल्या बायकांच्या. डोळ्यांजवळ धरून, बोटांनी चाचपून तिनं एक निळी पट्टी काढली. आईच्या लुगड्याची. इतकी विरलेली की बोट आरपार दिसावं. तिनं ती डब्याच्या गळ्याला बांधायला घेतली. गाठ दोनदा निसटली. सुजाता मदतीला पुढे झाली, तिला तिनं कोपरानं दूर केलं. बराच वेळ लागला. गाठ बसली, पण एका टोकानं सुटणारी नव्हे. घट्ट बसली.

डबा माझ्या हातात देताना ती म्हणाली, "चिंधी टाकू नको हां. चिंधी गेली की मसाला कोनाचा त्ये कलनार नाय."

या वेळी ते वाक्य माझ्या कानात शिरलं. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ज्या बाईनं दोन जावांचं भांडण वाढू नये म्हणून वर्षभर तोंड मिटून ठेवलं होतं, ती आताही तेच करत होती का, हे मला त्या चेहऱ्यावरून समजलं नाही. तिची नजर पुसट होती आणि तोंडावर कढईसमोर असायचा तोच भाव होता. कामाकडे बघणाऱ्या माणसाचा.

पनवेलला आल्यावर बायकोनं गाठ कापायला कात्री आणली. मी कापू दिली नाही. नखांनी, मग दातांनी सोडवली. संध्याकाळी कालवण झालं. आईनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटून म्हणाली, "चांगुणाचा हात."

मीही खाल्लं. मला माहीत होतं आत काय आहे. कुठल्या कारखान्यात दळलं जातं, बरणीवरचं कापड कुठून येतं, ते मऊ कसं करतात, सगळं माहीत होतं. आणि तरी माझ्या जिभेवर आमच्या आळीचं परस आलं, धुरानं भरलेलं, आणि नाकाला रुमाल लावून पळणारा मी आलो.

आई म्हणाली, "अजून भाजते का रे ती?"

मी म्हणालो, "नाही. सुजाता भाजते आता. काकीनं शिकवलंय."

काकी त्याच पावसात गेली. मला मात्र ती दिसते ती त्या दिवशी गाडीत बसताना मागे वळून पाहिलेली. ओटीवर खाटेच्या कडेला बसलेली, मांडीवर उघडं गाठोडं, आणि एकेक चिंधी डोळ्यांशी नेऊन, चाचपून, पुन्हा घडी घालून ठेवणारी.